अडलेलं रक्त परत सुटतं तेव्हा हृदय का बिथरतं? धोकादायक ठोके कसे रोखतात?

हार्ट अटॅक आला, इंजेक्शन दिलं, गाठ विरघळली, रक्त पुन्हा वाहू लागलं. आता सगळं ठीक, असं आपल्याला वाटतं. पण नेमक्या याच वेळी काही रुग्णांचं हृदय अचानक वेडंवाकडं धडधडू लागतं. मॉनिटरवरची रेघ बदलते, नर्स धावत येते आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना कळत नाही की इलाज झाल्यावर हे काय झालं.

याला डॉक्टर 'रिपरफ्युजन अ‍ॅरिदमिया' म्हणतात. रिपरफ्युजन म्हणजे अडलेला रक्तप्रवाह परत सुरू होणं आणि अ‍ॅरिदमिया म्हणजे ठोक्यांची लय बिघडणं. हे का होतं, ते टाळता येतं का आणि गावाकडच्या रुग्णासाठी त्याचा अर्थ काय, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

• रक्तप्रवाह परत आल्यावर काही मिनिटं ते काही तास हृदयाची लय बिघडू शकते. बहुतेक वेळा ती आपोआप सावरते. काही वेळा ती जीवघेणी ठरते.
• म्हणून रक्तप्रवाह सुरू करायचाच नाही, असा अर्थ अजिबात काढू नये. बंद रक्तवाहिनी बंदच राहणं हा यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.
• हे ठोके हमखास रोखणारं एकही औषध आजवर सापडलेलं नाही. त्यामुळे खरी सुरक्षा तीन गोष्टींत आहे: लवकर उपचार, सतत मॉनिटर आणि हाताशी डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र.

किन्हीराजाचा रुग्ण आणि रस्त्यावरची ती वेळ

किन्हीराजा हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. नागपूर ते छत्रपती संभाजीनगर या जुन्या मार्गावर, शेलूबाजार आणि मालेगावच्या दरम्यान ते वसलं आहे. इथं कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर पुढचा प्रवास साधारण ठरलेला असतो. आधी जवळचा दवाखाना, मग तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं रुग्णालय आणि गरज पडली तर कॅथलॅब असलेलं मोठं शहर. या भागासाठी ते बहुतेक वेळा अकोला असतं. वाशिम ते अकोला हेच अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे.

कॅथलॅब म्हणजे जिथे अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी होते ती खोली. अँजिओप्लास्टीत बारीक नळीतून फुगा नेऊन बंद रक्तवाहिनी उघडतात आणि बहुधा तिथे स्टेंट बसवतात. पहिल्या तपासणीपासून १२० मिनिटांच्या आत हे होणार असेल, तर मोठ्या हार्ट अटॅकमध्ये हाच सर्वांत चांगला उपचार मानला जातो. तेवढ्या वेळेत होणार नसेल, तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन आहे तिथेच द्यावं आणि मग रुग्णाला पुढे पाठवावं, असं जगभरातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पहिल्या ईसीजीसाठी त्या फक्त १० मिनिटं देतात.

हिशेब साधा आहे. खेड्यातल्या रुग्णाला १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी मिळणं अवघड. म्हणून त्याला इंजेक्शन मिळण्याची शक्यता जास्त. इंजेक्शनचा परिणाम झाला की नाही, हे ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढून पाहतात. त्या वेळी रुग्ण कुठे असतो? अनेकदा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर.

म्हणजे शहरातल्या रुग्णाची रक्तवाहिनी उघडते तेव्हा त्याच्याभोवती डॉक्टर, मॉनिटर आणि शॉकचं यंत्र असतं. गावाकडच्या रुग्णाची रक्तवाहिनी उघडते ती पातूरच्या घाटाच्या आसपास, धावत्या गाडीत. त्यामुळे हा विषय फक्त हृदयरोगतज्ज्ञांच्या कामाचा नाही. रुग्णाला पुढे कोणत्या गाडीतून न्यायचं, हा निर्णय अनेकदा घरचेच घेतात.

पेशीच्या आत नेमकं काय घडतं?

उन्हाळ्यातलं लोडशेडिंग आठवा. लाईट गेली की शिवारातल्या सगळ्या मोटारी बंद पडतात. अनेकांच्या स्टार्टरला ऑटो स्विच असतो. लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, डीपीवर एकाच वेळी भार येतो आणि फ्यूज उडतो. बिघाड लाईट गेल्यामुळे सुरू होतो, पण फ्यूज उडतो तो लाईट आल्यावर. हृदयात साधारण असंच काहीसं होतं.

आता हे टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा, रक्त बंद असताना. हृदयाच्या पेशीला ऑक्सिजन मिळत नाही. तिची ऊर्जा, म्हणजे एटीपी नावाचं रसायन, वेगाने कमी होतं. पेशी ऑक्सिजनशिवाय काम रेटायचा प्रयत्न करते आणि त्यातून आम्ल साचतं. पेशीतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशीतून सोडियम बाहेर फेकणारा पंप ऊर्जेअभावी मंदावतो.

दुसरा टप्पा, रक्त परत आल्यावर. ताजं रक्त पेशीबाहेर साचलेलं आम्ल क्षणात धुऊन नेतं. पेशीच्या आत मात्र ते अजून भरलेलं असतं. ते बाहेर टाकण्यासाठी पेशी एका अदलाबदलीचा आधार घेते: आम्लाचा एक कण बाहेर, सोडियमचा एक कण आत. त्यामुळे पेशीत सोडियम भरू लागतं. ते काढण्यासाठी दुसरी अदलाबदल सुरू होते: सोडियम बाहेर, कॅल्शियम आत. शेवटी पेशीत कॅल्शियम तुंबतं.

तिसरा टप्पा, कॅल्शियम उतू जाणं. हृदयाच्या पेशीला आकुंचन पावण्याचा हुकूम कॅल्शियमच देतं. पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या कोठारात मावेनासं झालं की ते अवेळी बाहेर सांडतं. मग पेशी कुणी न सांगता स्वतःच ठोका टाकते. अशा पेशी अनेक असतील, तर ठोक्यांची माळच सुरू होते.

याच वेळी ऑक्सिजनचे अतिशय चपळ, इजा करणारे कण मोठ्या प्रमाणात तयार होतात आणि पेशींच्या पडद्यांना डागण्या देतात. शिवाय रक्त सगळीकडे एकसारखं परतत नाही. काही भाग सावरलेला, काही अजून मलूल. विजेची लहर कुठे वेगाने जाते, कुठे अडखळते. मग ती एकाच जागी गोल गोल फिरू लागते. लय बिघडण्याचं हे दुसरं मोठं कारण आहे.

सगळेच बिघडलेले ठोके धोकादायक असतात का?

नाही. आणि हे समजणं महत्त्वाचं आहे, कारण मॉनिटरवर काहीतरी वेगळं दिसलं की घरच्यांचा जीव खालीवर होतो.

अधूनमधून येणारा जादा ठोका: हा सर्वांत जास्त दिसतो. बहुतेक वेळा त्यावर काही करावं लागत नाही.

संथ, रुंद ठोक्यांची माळ: हृदयाचा खालचा कप्पा काही काळ स्वतःच सूत्रं हातात घेतो. वेग साधारण मिनिटाला ६० ते ११०. ईसीजीवर हे भीतीदायक दिसतं, पण रक्तवाहिनी उघडल्याची ती अनेकदा खूण असते. रुग्णाचा रक्तदाब ठीक असेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात.

नाडी फार मंदावणं: हृदयाच्या खालच्या बाजूच्या भिंतीचा अटॅक असेल, तर रक्त परतताच नाडी आणि रक्तदाब एकदम खाली येऊ शकतात. सलाईन, अ‍ॅट्रोपिन आणि क्वचित तात्पुरता पेसमेकर लागतो.

व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया: खालचा कप्पा अतिवेगाने धडधडतो. ही लय टिकून राहिली तर रक्तदाब कोसळतो.

व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन: हृदय आकुंचन पावत नाही, नुसतं थरथरतं. शरीराला रक्त मिळणं बंद होतं. रुग्ण काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. शॉक दिला नाही तर मृत्यू होतो.

शेवटच्या दोन लयी किती जणांत दिसतात? 'अपेक्स एएमआय' या मोठ्या अभ्यासात अँजिओप्लास्टीसाठी आलेले ५,७४५ रुग्ण होते. त्यांतल्या सुमारे ६ टक्के रुग्णांत अशा गंभीर लयी आढळल्या. त्यातल्याही बहुतेक पहिल्या ४८ तासांत आल्या. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना हा प्रसंग आला नाही. पण सहा कोण असतील, हे आधी सांगता येत नाही. मॉनिटर सगळ्यांनाच लावतात, तो यासाठी.

हे पहिल्यांदा कधी कळलं?

१९३५ मध्ये अमेरिकेत टेनंट आणि विगर्स या संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी काही काळ बांधून मग सोडली. रक्त परतल्यावर हृदय थरथरू लागल्याचं त्यांनी नोंदवलं. तेव्हा हा प्रयोगशाळेतला प्रकार होता, कारण माणसाच्या हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडायची सोयच नव्हती.

पुढे हृदयाच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि हा प्रश्न ऑपरेशन थिएटरमध्ये आला. हृदय थांबवायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा रक्त सोडायचं, हे प्रत्येक ऑपरेशनमध्ये होऊ लागलं. महाराष्ट्राचंही या इतिहासात नाव आहे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत जगातलं पहिलं माणसाचं हृदयरोपण केलं, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. केईएममधला रुग्ण काही तासांतच दगावला. पण एका शरीरातून काढलेलं, काही काळ रक्ताविना राहिलेलं हृदय दुसऱ्या शरीरात पुन्हा चालू करणं, हे आव्हान मुंबईच्या डॉक्टरांनी तेव्हा पेललं होतं.

हार्ट अटॅकच्या रुग्णांसाठी हा विषय १९८० च्या दशकात महत्त्वाचा झाला. १९८६ मध्ये इटलीतल्या 'जिस्सी' अभ्यासात ११ हजारांहून जास्त रुग्ण होते. गाठ विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांत २१ दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण १०.७ टक्के, तर न मिळालेल्यांत १३ टक्के होतं. दोन वर्षांनी 'आयसिस-२' या १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही दिल्यास फायदा आणखी वाढतो. लयीचा धोका धरूनही एकूण हिशेबात रक्तवाहिनी उघडणंच जिंकलं. आज चाळीस वर्षांनीही हा निष्कर्ष बदललेला नाही.

मग आधीच औषध देऊन हे ठोके का रोखत नाहीत?

प्रयत्न खूप झाले. प्रत्येकातून काहीतरी शिकायला मिळालं.

लिडोकेन: एकेकाळी हार्ट अटॅकच्या जवळपास प्रत्येक रुग्णाला हे सलाईनमधून देत. हृदय थरथरण्याचं प्रमाण कमी झालं, पण जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही. उलट काहींचं हृदय पूर्ण थांबण्याची भीती दिसली. आता सरसकट देणं बंद झालं आहे.

फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड: अटॅकनंतर जादा ठोके असणाऱ्यांना ही औषधं दिली. ठोके कमी झाले. पण १९८९ मध्ये 'कास्ट' अभ्यासात दिसलं की औषध घेणाऱ्यांचे मृत्यू न घेणाऱ्यांपेक्षा जास्त होत आहेत. मॉनिटरवरची रेघ सुंदर करणं आणि माणूस वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा वैद्यकशास्त्राने इथे घेतला.

मॅग्नेशियम: १९९२ मध्ये एका अभ्यासात फायदा दिसला आणि आशा वाढली. मग १९९५ मध्ये 'आयसिस-४' या ५८ हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात फायदा दिसला नाही. २००२ च्या आणखी एका अभ्यासातही नाही. म्हणून सरसकट मॅग्नेशियम देत नाहीत. ज्याच्या रक्तात ते कमी आहे किंवा ज्याच्या ठोक्यांचा प्रकार तसा आहे, त्याला मात्र देतात.

सोडियमची अदलाबदल रोखणारी औषधं: वर सांगितलेल्या साखळीचं पहिलंच दार बंद करायचं, अशी ही कल्पना. प्राण्यांत उत्तम चालली. कॅरिपोराइड हे असंच औषध बायपासच्या रुग्णांत वापरलं तेव्हा हृदयाचं नुकसान घटलं, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. कल्पना तिथेच थांबली.

हातावर पट्टा आवळण्याचा उपाय: १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रीमर यांनी दाखवलं की कुत्र्याच्या हृदयाचं रक्त आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा रोखलं, तर नंतरच्या मोठ्या अडथळ्यात नुकसान खूप कमी होतं. जणू हृदयाला तालीम मिळते. पुढे दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून आणि सोडूनही असाच परिणाम मिळेल, अशी आशा निर्माण झाली. २०१९ मध्ये पाच हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात मात्र त्याचा फायदा दिसला नाही.

प्राण्यांत चाललं, माणसांत का नाही?

यामागे दोन मोठी कारणं दिसतात.

पहिलं, वेळ. उंदराच्या हृदयात साधारण ५ ते १० मिनिटं रक्त रोखून सोडलं की लय सर्वांत जास्त बिघडते. त्याहून जास्त वेळ रोखलं तर ती कमी बिघडते, कारण तोवर बऱ्याच पेशी मेलेल्या असतात आणि मेलेली पेशी चुकीचा ठोकाही टाकत नाही. माणसाच्या हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी बहुधा तासाभराने किंवा त्याहून उशिरा उघडते. प्रयोगशाळेतला रुग्ण आणि वॉर्डातला रुग्ण यांची वेळच जुळत नाही. उलट रक्तवाहिनीला काही मिनिटांचा पेटका येऊन ती आपोआप सुटते, तेव्हा हा धोका खरोखर मोठा असू शकतो.

दुसरं, औषध आधी पोहोचणं. रक्त बंद असेल तर औषधही त्या भागात पोहोचत नाही. ते पोहोचतं रक्ताबरोबरच, म्हणजे नुकसान सुरू झाल्यावर.

ऑपरेशनमध्ये हे दोन्ही प्रश्न नसतात, म्हणून तिथे प्रतिबंध जास्त यशस्वी होतो. रक्त कधी बंद करायचं आणि कधी सोडायचं, हे सर्जनच्या हातात असतं. पोटॅशियम असलेलं थंड द्रावण देऊन हृदय आधीच शांत थांबवतात. त्यामुळे त्याची ऊर्जा वाचते. रक्त सोडण्याआधी रक्तातले क्षार आणि तापमान जुळवतात, गरजेनुसार लिडोकेन किंवा अमिओडॅरोन देतात. एवढं करूनही हृदय थरथरलं तर शॉकचे चमचे तिथेच तयार असतात.

हार्ट अटॅक मात्र वेळ ठरवून येत नाही.

मग आज खरोखर काय करतात?

एकच जादूची गोळी नाही, पण लहानसहान गोष्टींची एक फळी आहे.

१. वेळ वाचवणं. रक्त जितका कमी वेळ अडेल तितकं कमी हृदय मरतं. मेलेल्या भागाचा जो व्रण उरतो, तो पुढे वर्षानुवर्षं धोकादायक लयींचं मूळ ठरू शकतो. त्यामुळे लवकर उपचार हाच लांबच्या पल्ल्याचा सर्वांत मोठा प्रतिबंध आहे.

२. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासणं. पोटॅशियम कमी असेल तर लय बिघडायला निमित्तच मिळतं. जुलाब, उलट्या किंवा लघवी जास्त करणाऱ्या बीपीच्या गोळ्या यांमुळे ते उतरतं. म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगणं गरजेचं आहे.

३. बीटा ब्लॉकर, पण निवडून. मेटोप्रोलॉलसारखी औषधं हृदयावरचा ताण कमी करतात. चीनमध्ये ४५ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या 'कमिट' अभ्यासात लवकर दिलेल्या मेटोप्रोलॉलमुळे दर हजारी पाच जणांचं हृदय थरथरणं टळलं. पण दर हजारी अकरा जण जास्त शॉकमध्ये गेले, म्हणजे त्यांचं हृदय पुरेसं रक्त फेकू शकलं नाही. म्हणून रक्तदाब चांगला असेल आणि फुप्फुसात पाणी नसेल, तरच ते शिरेतून लवकर देतात.

४. ऑक्सिजन गरजेपुरताच. रक्तातला ऑक्सिजन ठीक असताना वरून दिलेल्या ऑक्सिजनने जीव वाचण्याचं प्रमाण वाढत नाही, हे २०१७ मध्ये स्वीडनमधल्या ६,६२९ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे प्रत्येकाला मास्क लावला नाही म्हणून डॉक्टरांवर रागावू नये.

५. मॉनिटर आणि शॉक. १९६० च्या दशकात जगभर आयसीसीयू सुरू झाले. कल्पना साधी होती: अटॅकचे रुग्ण एका खोलीत, प्रत्येकाला मॉनिटर आणि शॉक देता येईल अशी नर्स जवळ. या बदलाने मृत्यू खूप घटले. हृदय थरथरू लागल्यावर कोणतीच मदत मिळाली नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. मॉनिटर लावलेला असेल तर पहिल्याच मिनिटात शॉक मिळतो आणि हृदय बहुतेक वेळा पूर्ववत होतं.

६. पुन्हा पुन्हा लय बिघडली तर अमिओडॅरोन किंवा लिडोकेन देतात आणि रक्तवाहिनी पुन्हा बंद तर झाली नाही ना, हे पाहतात.

ठोका बिघडूच नये अशी खात्री आज कुणी देऊ शकत नाही. पण बिघडलेल्या ठोक्याने माणूस दगावू नये, याची व्यवस्था नक्की करता येते.

इंजेक्शननंतरचा प्रवास: घरच्यांनी काय विचारावं?

गाठ विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन वजनानुसार एकाच डोसमध्ये देता येतं, म्हणून ते लहान रुग्णालयांत सोयीचं आहे. पुण्याची जेनोव्हा ही कंपनी ते भारतातच बनवते. राज्य सरकारच्या 'स्टेमी महाराष्ट्र' प्रकल्पाचा हेतूही हाच आहे: लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो दूरवरच्या तज्ज्ञाला दाखवायचा आणि उपचार तिथेच सुरू करायचा.

इंजेक्शननंतर साधारण ३ ते २४ तासांच्या आत अँजिओग्राफी करावी, असं सांगितलं जातं. म्हणजे प्रवास होणारच. तो कसा व्हावा?

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची मोफत अ‍ॅम्ब्युलन्स सेवा आहे. सुरुवातीला तिच्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्या जास्त उपकरणं असलेल्या, अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट प्रकारच्या होत्या. रुग्णाला पुढे नेताना हे चार प्रश्न शांतपणे विचारा:

• गाडीत मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर आहे का? तो चालू आहे का?
• सोबत डॉक्टर किंवा शॉक देऊ शकणारी व्यक्ती आहे का?
• इंजेक्शन किती वाजता दिलं, हे चिठ्ठीवर लिहिलं आहे का? पहिला ईसीजी सोबत दिला आहे का?
• पुढच्या रुग्णालयाला फोन झाला आहे का?

मित्राची कार किंवा बोलेरो लवकर मिळते, हे खरं. पण इंजेक्शन दिलेल्या रुग्णाला पुढे नेताना कारमध्ये काही झालं, तर करण्यासारखं फार थोडं उरतं. दहा मिनिटं थांबून यंत्र असलेली गाडी मिळत असेल तर ती घ्यावी. मात्र घरी छातीत दुखत असताना १०८ वेळेत येणार नसेल, तर आहे त्या वाहनाने ईसीजी होईल अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी जावं. रुग्णाने स्वतः मोटरसायकल चालवत जाऊ नये.

छातीत दुखू लागलं तर काय कराल?

• छातीवर दाब, दंडात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, मळमळ, दम लागणं ही लक्षणं ओळखा. मधुमेही आणि वयस्कर लोकांत दुखणं कमी असू शकतं.
• 'गॅस असेल' म्हणत सोडा किंवा ओवा घेऊन वाट पाहू नका. ईसीजी काढूनच ठरवा.
• १०८ ला फोन करा. रुग्णाला चालायला लावू नका.
• अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला डॉक्टर सांगतात. फोनवर विचारून घ्या.
• सॉर्बिट्रेट स्वतःच्या मनाने जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच कमी असेल तर तो आणखी कोसळतो.
• माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नीट नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि वेगाने दाब द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे गैरसमज

'जोरात खोकत राहिलं की अटॅक थांबतो.' नाही. रुग्णालयात, मॉनिटर लावलेल्या रुग्णाला डॉक्टर कधीतरी खोकायला सांगतात, त्यावरून हा मेसेज पसरला. घरी त्याचा उपयोग नाही. त्यात वेळ मात्र जातो.

'गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं की हृदय बंद पडतं, नाही म्हणा.' हा सर्वांत घातक गैरसमज. इंजेक्शननंतर लय बिघडू शकते, हे खरं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा लहानसा धोकाही असतो, म्हणून डॉक्टर आधी प्रश्न विचारून ते कुणाला द्यायचं हे ठरवतात. पण ज्याला ते लागू आहे त्याने नाकारलं, तर तो मोठा धोका पत्करतो.

'शॉक दिला म्हणजे आता काही उरलं नाही.' उलट आहे. पहिल्या काही तासांत, मॉनिटरसमोर थरथरलेलं आणि लगेच शॉक मिळालेलं हृदय चांगलं सावरू शकतं.

घरी गेल्यावर

पहिल्या ४८ तासांत आलेली गंभीर लय आणि त्यानंतर आलेली गंभीर लय यांत डॉक्टर फरक करतात. नंतर आलेली लय बहुधा व्रणातून येते आणि पुन्हा येऊ शकते. अशा काही रुग्णांना शरीरात बसवायचा लहान डिफिब्रिलेटर, म्हणजे आयसीडी, सुचवतात. साधारण ४० दिवसांनी किंवा त्यानंतर इको काढून हृदयाची ताकद पाहतात. ती फारच कमी असेल तर त्यांनाही तो सुचवला जातो. त्यामुळे 'आता बरं वाटतंय' म्हणून पुढची तपासणी चुकवू नये.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड कुठे ठेवलं आहे, हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या. योजनेतलं आणि कॅथलॅब असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून घ्या. सोबत आणखी एक गोष्ट विचारा: तुमच्या गावाजवळ ईसीजी रात्रीही कुठे निघतो? किन्हीराजासारख्या गावात पहिल्या तासाचं भवितव्य बरंचसं या एका उत्तरावर ठरतं.